उजव्या कोपऱ्यातली आई

१

शेवटची बातमी सुरू झाली आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली बाई नाहीशी झाली.

"परत दाखव," कात्रीबाई म्हणाल्या.

त्या कोपऱ्यातल्या बाईच्या लेकीनं चित्र मागे नेलं. मोठ्या चौकटीत निवेदक बातम्या वाचत होता आणि खाली उजव्या कोपऱ्यात, छोट्या चौकटीत, निळ्या ब्लाउजमधली एक बाई त्याचं प्रत्येक वाक्य हातांनी सांगत होती. बहिऱ्यांसाठीच्या बातम्या. संप, निवडणूक, क्रिकेट, सगळं त्या दोन हातांमधून सरसर पुढे जात होतं. मग निवेदक जरा हसला, "आणि आता जाता जाता," म्हणाला, आणि चित्र हळूहळू मोठं व्हायला लागलं. निवेदकाचा चेहरा पडदाभर झाला. कोपरा बाहेर सरकला, आणि त्याच्याबरोबर आईही. पाणघोड्याला पिल्लू झालं, त्याला नाव सुचवा, अशी काहीतरी गोड बातमी त्यानं एकट्यानंच वाचली, नमस्कार केला, आणि पडदा काळा झाला.

"बाकीच्या सगळ्या फाइली धड आहेत," लेक म्हणाली. "फक्त हीच अशी. आणि मावशी, ही तिची शेवटची आहे. त्याच संध्याकाळी स्टुडिओच्या पायऱ्यांवर ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव. नंतर हात हलले नाहीत ते नाहीतच. आठवड्यानं गेली."

कात्रीबाईंना हे ठाऊक होतं. त्या समोरच्याच घरात राहायच्या. आयुष्यभर त्यांनी त्याच वाहिनीत संकलनाचं काम केलं होतं. दुसऱ्यांनी चित्रित केलेलं कापायचं, जोडायचं, आणि कुठे कापलंय ते कुणाला कळू द्यायचं नाही. खरं नाव आता फक्त बँकेला माहीत होतं. निवृत्त होऊनही कात्रीबाई हे नाव काही सुटलं नव्हतं.

"शनिवारी बहिऱ्या मुलांच्या शाळेत वाचनालयाला आईचं नाव देणार आहेत," लेक म्हणाली. "तिथे ही फाइल लावायची होती. मूळ फाइल शोधली, तर तीही नाही. दादा म्हणतो, फाइल बदलताना सॉफ्टवेअरनं घोळ घातला असेल."

कात्रीबाईंनी चष्मा पुसला. "सॉफ्टवेअर घोळ घालतं तेव्हा चित्र फाटतं, नाहीतर आवाज मागेपुढे होतो. हे बघ कसं सरकतंय. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटावं तसं." त्या थांबल्या. "हे माणसानं केलंय बाळा. आणि ते माणूस तुमच्याच घरातलं आहे."

२

लेकीचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, ऑफिसमधून आला तोच कपाळाला आठ्या घालून.

"अगं, तू आता बाहेरची माणसं पण गोळा केलीस?"

"मी बाहेरची नाही, समोरची," कात्रीबाई म्हणाल्या. "बस. चहा घे. आणि मला सांग, हे सगळं केलंस कसं?"

कामाबद्दल विचारलं की माणूस बोलतो. दादाही बोलला. बाबांच्या टीव्हीला जोडलेला रेकॉर्डर म्हातारा झाला होता. आईच्या सगळ्या बातम्या त्यात साठवलेल्या. बाबा दर वेळी लाल बटण दाबून बसायचे. रेकॉर्डर बंद पडला असता तर सगळंच गेलं असतं. म्हणून त्यानं फाइली कॉम्प्युटरवर उतरवल्या. तशा त्या कुठेच धड चालत नव्हत्या, मग एकेक करून त्या साध्या प्रकारात बदलल्या. मूळच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. बदललेल्यांच्या मागच्या-पुढच्या जाहिराती कापल्या.

"सगळ्यांच्या तू कापल्यास?"

"जवळजवळ." तो जरा घुटमळला. "मला वेळ कुठे असतो? सॉफ्टवेअर सोपं आहे. बाबांना आणि आत्याला दाखवून ठेवलं होतं. दोघं दिवसभर घरी असतात. शेवटच्या दोन-चार राहिल्या होत्या, त्या त्यांनी कधी केल्या, कुणी केल्या, मी विचारलं नाही."

"आणि रेकॉर्डर?"

"मोडीत दिला."

"ही शेवटची फाइल तू पाहिलीस?"

दादानं कप खाली ठेवला. "नाही. एकदाही नाही. त्या दिवशी सकाळी आईचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, माझ्या बदली कोण सांगणार? आमचं थोडं वाजलं. ते हात मला बघवत नाहीत." तो उठला. "पण बघवत नाही म्हणून मी तिला पुसून टाकीन, असं वाटतं का तुम्हाला?"

कात्रीबाईंना तसं वाटत होतं की नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून त्यांचा चेहराही शिस्तीत राहायला शिकला होता. त्यांनी फाइल पुन्हा लावली आणि डोळे मिटले.

"मावशी, झोप आली का?" लेकीनं विचारलं.

"कापलेली जागा डोळ्यांना फसवते. कानांना फसवायला जास्त अक्कल लागते." आणि एकदम त्यांनी डोळे उघडले. "थांब! शेवटचं परत लाव. हे गाणं कसलं?"

३

निवेदकाच्या नमस्कारानंतर पडदा काळा व्हायचा. आणि त्या काळ्या पडद्यावर, अगदी क्षणभर, ढोलकीच्या ठेक्यावर कुणीतरी झोकात गायचं, "दात चमकती...", आणि मग तुटायचं.

"पुढच्या जाहिरातीचं गाणं," कात्रीबाई म्हणाल्या. "चित्र यायच्या आधीच आवाज सुरू झालाय. असं नेहमी होतं. बाकीच्या फाइलींत आहे का हे?"

नव्हतं. दादानं कापलेली प्रत्येक फाइल शांतपणे संपत होती.

दादा दारातून परत वळून आला. "असं अर्धं गाणं मी सोडलं असतं तर मला जेवण गेलं नसतं," तो म्हणाला.

"म्हणूनच तुझं नाव खोडते मी," कात्रीबाई म्हणाल्या. "ज्यानं हे कापलं त्यानं पडदा काळा झालेला बघितला आणि तिथे काप मारला. डोळ्यांच्या हिशेबानं बिनचूक. फक्त ते गाणं त्याला ऐकूच आलं नाही."

घरात ऐकू न येणारी माणसं दोन होती: बाबा आणि बाबांची बहीण. दोघंही जन्मापासून.

लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तापलेला. "आत्या! आईशी तिचं कधी पटलंच नाही. आई टीव्हीवर आली तेव्हा हिचं तोंड कडू झालं होतं. ऐकू येणारी बाई आमच्या वतीनं बोलायला का, म्हणून."

"अगं, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस," कात्रीबाई म्हणाल्या. "आधी विचारू तर."

आत्या मागच्या खोलीत वाटाणे सोलत बसली होती. लेकीनं रागारागानं हात चालवून तिला सगळं सांगितलं. आत्यानं एक शेंग संपवली, हात पुसले, आणि उत्तर दिलं. लेक ते कात्रीबाईंना सांगत गेली, आणि सांगता सांगता तिचा आवाज खाली आला.

"ती म्हणतेय... वहिनीचे हात मला आवडायचे नाहीत, खरं आहे. शाळेतल्या बाईसारखे होते, फार नीटनेटके. पण तिच्यामुळेच आम्हाला जगात काय चाललंय ते कळायचं. आणि मला तिला घालवायचंच असतं, तर पहिल्या नमस्कारापासून घालवलं असतं. शेवटची एक बातमी कापून माझं काय पोट भरणार होतं?"

कात्रीबाईंनी मान डोलावली. हाच प्रश्न त्यांनाही टोचत होता. रागावलेला माणूस असा अखेरपर्यंत वाट बघत नाही.

"त्या दिवशी तिनं बातम्या पाहिल्या होत्या का, विचार."

आत्याचे हात आता सावकाश चालले.

"पाहत होतो, मी आणि भाऊ. शेवटच्या बातमीला मी गॅस बंद करायला उठले. परत आले तर बातम्या संपल्या होत्या, आणि भाऊ टीव्हीसमोर दगडासारखा उभा होता. काय झालं विचारलं, तर मला खोलीतून बाहेर जा म्हणाला." आत्या थांबली. "त्यानं मला आयुष्यात कधी बाहेर जा म्हटलेलं नाही."

४

बाबांचं तळमजल्यावर फोटो फ्रेम करायचं दुकान होतं. लाकडाच्या पट्ट्या भिंतीला टेकवून उभ्या, भुशाचा आणि पॉलिशचा वास, मधोमध मोठं टेबल. कोपऱ्यात घरचा कॉम्प्युटर, कारण वरच्या खोल्यांत त्याला जागा नव्हती.

कात्रीबाई आणि लेक आत गेल्या तेव्हा ते एका जुन्या लग्नाच्या फोटोला माउंट लावत होते. म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये बसणारी जाड पुठ्ठ्याची चौकट. फोटोच्या एका कडेला ओल लागून तपकिरी डाग पडला होता. बाबांनी पुठ्ठा थोडा सरकवला, आणि डाग त्याच्याखाली गडप झाला. फोटो नव्यासारखा दिसायला लागला.

कात्रीबाई ते बघत राहिल्या.

ज्या कामासाठी त्या खाली आल्या होत्या ते काम त्या क्षणी झालं होतं. पण त्यांना काही आनंद झाला नाही. आईच्या शेवटच्या फाइलीत जे त्यांनी पाहिलं होतं तेच हे होतं: घाई नाही, राग नाही, जेवढं बिघडलंय तेवढंच पुठ्ठ्याखाली सरकवायचं.

त्यांनी लेकीला सांगितलं, "विचार त्यांना, हा डागाचा भाग कापून का नाही टाकला?"

बाबांनी हात हलवले. "गिऱ्हाइकाचा फोटो कधी कापायचा नसतो. झाकायचा. उद्या कुणाला पुरा बघायचा असेल तर?"

"मग विचार," कात्रीबाई हळूच म्हणाल्या, "आईचा पुरा फोटो कुठे ठेवलाय?"

लेकीचे हात हवेत थांबले. तिनं कात्रीबाईंकडे पाहिलं, मग वडिलांकडे. प्रश्न विचारायची गरज पडली नाही. बाबा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. त्यांच्या लाकडी पट्ट्यांच्या नमुन्यांचं एक फोल्डर होतं, शिसवी, सागवानी, सोनेरी, काळी. त्या सगळ्यांच्या तळाशी, बिननावाची, ती फाइल होती.

बाबांनी ती लावली नाही. आधी लेकीकडे वळले.

"शाळेतल्या मुलांनी तिला तसं बघू नये. तुम्हीही बघू नये," त्यांचे हात म्हणाले. "तिचं भान तिथेच, पडद्यावरच सुटलं होतं. सगळ्यांसमोर. आणि मी बघत होतो." हात आता नीट वळत नव्हते. "मी बघत होतो आणि मला कळलं नाही काय करायचं. बहिरा माणूस फोन कुणाला करणार? मी नुसता उभा राहिलो. मी धावलो असतो तर ती वाचली असती."

५

दुकानातल्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते. लागायचे कुणाला? त्यामुळे फाइल मुकाट चालली.

शेवटची बातमी आली. या वेळी कोपरा जागेवर राहिला. निवेदकाचे ओठ हलत होते. कोपऱ्यातली बाई जराशी पुढे झुकून ऐकत होती. मग तिचे हात उठले, थांबले. पुन्हा उठले.

लेक पुटपुटत होती. "पाणी... घोडा." हात परत थांबले. "जाड. जाड." तिनं तोंडावर हात ठेवला. "बाळ. नाव सांगा. माफ करा... घर. घरी विचारते. घरी..." आणि ती रडायलाच लागली. "बाबा बरोबर म्हणतायत मावशी. काहीच्या काही बोलतेय ती. घरी यायचं होतं तिला!"

बाबा पडद्याकडे बघत नव्हते. त्यांना सगळं पाठ होतं. इतके महिने त्यांनी हे किती वेळा एकट्यानं पाहिलं असेल, याचा विचार कात्रीबाईंनी मनात येऊ दिला नाही.

त्यांनी डोळे मिटले. आज सकाळपासून त्यांनी ही बातमी कानांनी इतकी ऐकली होती, की आवाज लावायची गरजच नव्हती. निवेदकाचं प्रत्येक वाक्य त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू झालं. प्राणिसंग्रहालयात आनंदाचं वातावरण. पाणघोड्याच्या...

"अगं!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या, की वरून दादा धावत आला. "पाणी आणि घोडा! परत बोल. तू काय म्हणालीस ते परत बोल!"

"पाणी. घोडा. जाड. बाळ..."

"पाणघोडा! पाणघोड्याला पिल्लू झालं! दादा, वरून स्पीकर आण. आधी आण, मग विचार."

दादानं स्पीकर जोडले. निवेदकाचा आवाज दुकानात भरला: "प्राणिसंग्रहालयात पाणघोड्याच्या मादीनं एका पिल्लाला जन्म दिला आहे. या गुटगुटीत पाहुण्याचं नाव काय ठेवावं, हे प्रेक्षकांनी आम्हाला जरूर कळवावं." आणि कोपऱ्यातली बाई त्याच्या पाठोपाठ, शब्द शोधत शोधत: पाणी, घोडा. जाड, जाड. बाळ. नाव सांगा.

लेक आवाज ऐकत होती आणि हात वाचत होती. दोन्ही एकदम. या बातमीच्या बाबतीत आजवर या घरात कुणी दोन्ही एकदम केलंच नव्हतं. बाबांना फक्त हात दिसले होते, आणि बाकी सगळ्यांना फक्त आवाज मिळाला होता.

"पाणघोड्याचं चित्रच नाही दाखवलं," दादा म्हणाला. "दाखवलं असतं तर बाबांना तेव्हाच कळलं असतं."

"फीत पोचली नसेल वेळेवर. निवेदक बघ कसा बाजूला बघतोय, वाट बघतोय बिचारा. असं झालं की नुसतं वाचून मोकळं व्हायचं." कात्रीबाई पडद्याशी वाकल्या. "आणि हे हात बघा. कुठे थरथरतायत का? पडतायत का? हे भरकटलेल्या बाईचे हात नाहीत. हिला खूण येत नाहीये, एवढंच. माहीत नसलेला शब्द समोर आला की चांगला भाषांतरकार असाच अडतो. मोडून सांगतो. आणि शेवटी काय म्हणतेय ती? घर, विचार..."

लेकीनं ते आता पुरं वाचलं. रडणं थांबवून, एकेक खूण. "माफ करा. घरी विचारून सांगते."

मग ती वडिलांसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. निवेदक काय म्हणत होता ते, शब्दाला शब्द. तिला फार वेळ लागला, कारण मध्ये मध्ये तिचेच हात थांबत होते. बाबांनी एकदा तिचं मनगट धरून ते परत सांगायला लावलं. मग परत एकदा. दादा स्पीकरच्या वायरशी उगाच चाळा करत उभा होता. आईशी झालेलं ते वाजणं बहुधा त्याच्याही मनातून थोडं सैल होत होतं.

"ती तेव्हा बरी होती?" बाबांनी विचारलं.

"तेव्हा बरी होती, बाबा. जे झालं ते नंतर झालं. तुम्हाला दिसण्यासारखं काही नव्हतंच."

बाबांनी दोन्ही तळवे मनगटांशी जुळवले, बोटं वाकवून दातांसारखी केली, आणि तो जबडा सावकाश, प्रचंड मोठा उघडला.

"पाणघोडा," लेक म्हणाली.

"तिला सगळं मी शिकवलं," बाबांचे हात सांगत होते. "लग्न झालं तेव्हा तिला एक खूण येत नव्हती. पाणी, भाकरी, भांडण, पैसे, ताप, सगळं मी शिकवलं. हे तेवढं राहिलं. इतक्या वर्षांत आमच्या घरात पाणघोड्याचा विषयच कधी निघाला नाही."

६

शनिवारी शाळेच्या सभागृहात फाइल लागली ती पुरी. लावायची का नाही, हे बाबांनी ठरवलं. कात्रीबाईंनी फक्त जाहिरातीचं गाणं कापलं; तेवढं करू द्या म्हणाल्या, नाहीतर मेल्यावरही माझा आत्मा शांत होणार नाही. दारावर आत्या उभी होती, येणाऱ्या प्रत्येकाला वहिनीचा फोटो कुठे लावलाय ते दाखवत.

मुलं पुढे चटयांवर बसली होती. बातम्या जुन्या, तरी ती टक लावून बघत होती, कारण पडद्यावरची बाई त्यांच्या भाषेत बोलत होती. संप झाला, निवडणूक झाली, क्रिकेटला सगळी खूश झाली. मग शेवटची बातमी आली. बाईंचे हात उठले आणि थांबले.

पाणी. घोडा.

लेकीनं वडिलांचा हात घट्ट धरला.

पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं भुवया उंचावल्या. बाई अडल्यात, हे तिला कळलं. जाड, जाड, बाई म्हणत होत्या. मुलगी ताडकन उठली आणि तिनं दोन्ही तळव्यांचा जबडा करून पडद्यासमोर धरला. हे घ्या! तिच्या शेजारचा उठला. मग त्याच्यामागची रांग. वर्गात एखाद्याला उत्तर येत नसलं की बाकीच्यांना दम धरवत नाही, तसं झालं. बघता बघता सगळं सभागृह उभं होतं, आणि शेकडो पाणघोडे पडद्याकडे बघून आ वासत होते. पडद्यावरच्या बाई माफ करा म्हणत होत्या, घरी विचारून सांगते म्हणत होत्या, आणि मुलं त्यांना घरी जायची वेळच येऊ देत नव्हती.

मागच्या रांगेत बाबा हसायला लागले. स्वतःचं हसणं त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते दाबायची सवयही त्यांना नव्हती. मोठं, खडबडीत, भिंतींवर आपटणारं हसू. त्या गर्दीत ते ऐकू येणारी माणसं मोजकीच होती. दादानं ऐकलं. लेकीनं ऐकलं. कात्रीबाईंनी तर डोळे मिटून ऐकलं.